नवी जागा, नवा डाव

आपली हॉकी आपण मैदानावर खेळतो. थंड मुलखात ती बर्फावर खेळतात. पायांत पोलादी पात्यांचे बूट घालतात. चेंडूऐवजी रबराची चकती असते. त्या खेळातल्या एका गड्याची हकिकत आपण वाचू या.

व्हॅलेरी निचुश्किन हा रशियाचा. अंगाने उंचापुरा, पायाने चपळ. २०१३ साली अमेरिकेतल्या डॅलस संघाने त्याला निवडले. पहिल्याच हंगामात त्याने १४ गोल केले. लोक म्हणाले, पोरगा नाव काढणार! पण दुसऱ्या हंगामात दुखण्याने तो बहुतेक बाहेरच बसला. पुढे त्याचा जम बसेना. मध्ये दोन हंगाम तो मॉस्कोत खेळला. मग डॅलसला परतला. २०१८-१९ च्या हंगामात ५७ सामने खेळला. गोल किती? एकही नाही! संघाने करार मोडला.

मग कोलोरॅडो संघाने त्याला एका वर्षासाठी घेतले. तिथेही गोल लगेच झाला नाही. पण त्याने अंग चोरले नाही. चकती गेली की मागे धावायचे, समोरच्याला अडवायचे, चकती हिसकावून घ्यायची. हे काम तो नेटाने करीत राहिला. संघानेही धीर धरला. त्या हंगामात त्याचे १३ गोल झाले. २०२१-२२ मध्ये २५ झाले. जून २०२२ मध्ये त्याच्या संघाने स्टॅन्ली चषक जिंकला.

मंडळी, आपण पोराला चटकन 'वाया गेला' म्हणतो. एका वाफ्यात रोप सुकले, म्हणून बी खोटे ठरत नाही. जागा बदलून पाहावी. पण नुसत्या जागेने भागत नाही. कष्ट बरोबर न्यावेच लागतात.

विचार करा : गोल होत नसताना निचुश्किनने कोणते काम सोडले नाही?