इंजिन खोलायच्या आधी

अगं धाकटे, गॅरेजवाला ‘मॅडम, इंजिन खोलना पडेगा’ म्हणाला आणि तू लगेच क्वाड बाईक विकायच्या गोष्टी करायला लागलीस? जरा दम धर. खोलायचंच असेल तर खोलू. पण त्यानं प्लग तरी काढून पाहिला का? तू सांगतेस त्यावरून त्यानं सेल्फ मारला, दोनदा रेस केली, कान लावला आणि भाव सांगितला. एवढ्यावर इंजिनाचं निदान होत नाही गं. भाव मात्र होतो.

तू घेतलीस ती होंडाची 400 ईएक्स, त्याबद्दल मला तरी बरंच वाटलं होतं. 1999 साली आलेलं मॉडेल, एक्सआर 400 या मोटरसायकलच्या इंजिनावर बेतलेलं. 397 सीसी, एकच सिलिंडर, वाऱ्यावर थंड होणारं, साधा कार्बोरेटर. शेजारच्यांसारखी यामाहाची रॅप्टर 700 घेतली असतीस, तर इंजेक्शन आलं, सेन्सर आले, मग मीही हात टेकले असते. तुझ्या इंजिनात रेडिएटरच नाही. तेव्हा ‘हेड गॅस्केटमधून पाणी जातंय’ असं कुणी म्हणालं तर सरळ चावी घेऊन निघून ये.

आता मला सांग, शेवटची कधी चालवली होतीस? एप्रिलमध्ये अल बदायरला ‘बिग रेड’ या वाळूच्या टेकडीवर गेला होतात, त्यानंतर आत्ता ऑक्टोबरात बाहेर काढली, बरोबर? म्हणजे अख्खा शारजाचा उन्हाळा ती पत्र्याच्या शेडमध्ये टाकीत पेट्रोल घेऊन उभी. तिथं तर मला निम्मं उत्तर दिसतंय. कार्बोरेटरच्या तळाशी जी वाटी असते, तिच्यातलं पेट्रोल या उन्हात उडून जातं आणि मागे चिकट पिवळसर थर राहतो. तो सगळ्यात आधी धरतो पायलट जेटला, कारण त्याचं भोक सगळ्यात बारीक. गाडी स्लोवर चालते ती त्याच भोकाच्या जिवावर. इकडे थंडीचा सीझन सुरू झाला की गॅरेजांसमोर क्वाडांची रांग लागते, त्यातल्या कितीतरी याच दुखण्याच्या.

तरी मनानं ठरवायचं नाही, बघून ठरवायचं. आपले अण्णा त्यांच्या गॅरेजात पोरांना ओरडायचे ते आठवतं ना, ‘करंट, पेट्रोल, कॉम्प्रेशन, याच क्रमानं!’ स्वस्तातलं आधी, महागाचं शेवटी, हाच त्यामागचा हिशोब. तेच कर.

सेल्फ मारल्यावर नुसतं टक् टक् होतंय की इंजिन फिरतंय? टक् टक् असेल तर बॅटरी. उन्हाळ्यात चार्जरशिवाय ठेवलेली बॅटरी उतरलेलीच असणार. मीटर लाव, रात्रभर शांत ठेवलेली चांगली बॅटरी 12.6 व्होल्टच्या आसपास दाखवते. 12 च्या खाली असेल तर बाकी काही तपासूच नकोस, आधी चार्ज कर. आणि हँडलवरचं ते लाल किल स्विच बघ. हसू नकोस, ट्रेलरवर चढवताना कुणाचा तरी अंगठा लागतो आणि पुढचा तासभर सगळे कार्बोरेटरकडे संशयानं बघत बसतात.

इंजिन फिरतंय पण पेटत नाही, तर प्लग काढ. काढण्याआधी त्याच्या खळग्यातली वाळू हवा मारून उडव, नाहीतर प्लग निघाला की ती सरळ सिलिंडरात पडते. तुमच्या त्या लाल वाळूला आत जायला निमित्तच हवं असतं. मग प्लगचं तोंड नीट बघ. चहाच्या रंगाचं, कोरडं असेल तर इंजिनाची तक्रार नाही. काळंकुट्ट, काजळी धरलेलं असेल तर पेट्रोल जास्त किंवा हवा कमी. पांढरं फटक असेल तर उलटं, आणि ते मला काजळीपेक्षा जास्त भीतीदायक वाटतं, कारण पेट्रोल कमी पडलं की इंजिन तापतं आणि पिस्टन धरतो. ओला आणि पेट्रोलचा वास येत असेल तर ओव्हरफ्लो झालंय, पुसून वाळव. करंट बघायचा तर प्लग टोपीत घालून त्याचं लोखंड इंजिनाला टेकव आणि सेल्फ मार, पण प्लगच्या भोकापासून लांब धर. भोकातून पेट्रोलची वाफ बाहेर फेकली जाते, तिथं ठिणगी नको. निळसर, कडक ठिणगी हवी. पिवळी, मरगळलेली असेल तर आधी नवा प्लग टाक, मग प्लगची टोपी आणि वायर बघ. कॉइल सगळ्यात शेवटी.

आता पेट्रोल. वाटीच्या बुडाशी निचऱ्याचा स्क्रू आहे. खाली काचेची बरणी धर आणि तो सैल कर. स्वच्छ धार आली तर टाकीपासून वाटीपर्यंत रस्ता मोकळा. नुसतं टिपटिपलं तर पेट्रोलच्या कॉकमधली जाळी बंद झाली असेल किंवा टाकीच्या झाकणाची हवेची नळी मुडपली असेल. ही नळी फार छळते हं. गाडी पहिली दहा-पंधरा मिनिटं मस्त पळते, मग गळपटते, जरा वेळ उभी केली की पुन्हा चालू. असं झालं की टाकीचं झाकण उघड. फुस्स करून हवा आत ओढली गेली तर रोग सापडला, आणि औषध फुकट! बरणीतलं पेट्रोल दोन मिनिटं स्थिर ठेव. तळाशी पाण्याचे मणी दिसले तर टाकी रिकामी करायची. रंग गडद आणि वास जुन्या वार्निशसारखा आला तर कार्बोरेटर उतरवायचाच.

त्याआधी एक परीक्षा कर, तिला काहीच लागत नाही. गाडी कशीबशी चालू झाली की अर्धा चोक ओढ. चोकवर नीट चालते आणि चोक सोडला की मरते? म्हणजे पेट्रोल कमी पडतंय. पायलट जेट तुंबलाय, नाहीतर कुठून तरी जास्तीची हवा घुसतेय. कार्बोरेटर आणि इंजिन यांच्यामधला रबरी बूट या उन्हानं तडकतो. थंड इंजिन चालू करून त्या बुटावर पाण्याचा बारीक फवारा मार. आवाज बदलला, स्लो खालीवर झाला, तर तिथंच हवा धरतेय. आणि चोक ओढला की आणखीच गुदमरत असेल तर पेट्रोल आधीच जास्त आहे. फिल्टर वाळूनं भरलेला असेल, ते बघ.

आणखी एक, मेकॅनिकला ‘पिकअप घेत नाही’ एवढंच सांगू नकोस, थ्रॉटल किती उघडल्यावर बिघडते ते सांग. अंगठा जेमतेम दाबल्यावर मिसिंग करत असेल तर पायलट जेट. मधल्या पट्ट्यात असेल तर नीडल. पूर्ण दाबल्यावर दम तोडत असेल तर मेन जेट. आधीच्या मालकानं आवाजासाठी सायलेन्सर बदललाय, एअरबॉक्सचं झाकणही काढून टाकलंय, हे तर मी फोटोतच बघितलं. हवा वाढवली आणि मेन जेट तोच ठेवला, तर पूर्ण थ्रॉटलला पेट्रोल कमी पडणारच. थ्रॉटल सोडल्यावर मागून फटाके वाजतात त्याला तुझा नवरा ‘रेसिंग साउंड’ म्हणतो, तो बहुतेक त्यातलाच प्रकार. त्याला सांग, ते झाकण आणून बसवायचं, नाहीतर जेट मोठा टाकायचा.

कार्बोरेटर उतरवलास तर घाईनं स्क्रू फिरवू नकोस. दिसायला ते साध्या चौफुलीचे दिसतात, पण जपानी बनावटीचे आहेत. आपला नेहमीचा स्क्रूड्रायव्हर त्यात पुरता बसत नाही आणि पितळेसारखं मऊ डोकं सोलून निघतं. जपानी खाचेचा मिळतो, तो घे. पायलट जेट काढलास की उजेडाकडे धरून त्यातून बघ. पलीकडचा उजेड सुईच्या टोकाएवढा, पण पूर्ण गोल दिसला पाहिजे. चंद्रकोर दिसली तर थर साचलाय. क्लीनरचा फवारा मार, हवा मार, फारच अडलं तर वायरमधला तांब्याचा एकच केस आतून फिरव. सुई, पिन, स्टीलची तार अजिबात नको. भोक हलकंसं जरी मोठं झालं तरी जेट बाद. आणि जेट काढून आतला मार्गही धू. नुसता जेट चकचकीत करून मागचा रस्ता तसाच ठेवणारे बरेच असतात.

आता ऑईल, कारण इथं भलेभले फसतात. तुझ्या इंजिनाचं ऑईल वेगळ्या टाकीत असतं. गाडी बरेच दिवस उभी राहिली की ते हळूहळू टाकीतून इंजिनाच्या तळाशी झिरपतं. मग सकाळी थंड गाडीची ऑईल मोजायची काडी काढून बघणारा म्हणतो, ‘अरे, ऑईल संपलं!’ आणि वर अर्धा लिटर ओततो. आधी गाडी काही मिनिटं स्लोवर चालव, बंद कर, मग सपाट जागी काडी बघ. पुस्तकात तसंच दिलंय. आणि काडीचा वास घे. ऑईल पातळ झालंय, पातळी वाढलीय आणि पेट्रोलचा वास येतोय? तर कार्बोरेटरची फ्लोट सुई गळतेय आणि पेट्रोल इंजिनात उतरतंय. तशी गाडी अजिबात चालवू नकोस, बेअरिंगं जातील. सुई बदल, ऑईल बदल, आणि ट्रेलरवर चढवताना पेट्रोलचा कॉक बंद करायची सवय लाव. ट्रेलरच्या हिसक्यांनी फ्लोट नाचतो, कॉक उघडा असला की पेट्रोलला वाट मिळते.

एवढं सगळं ठीक निघालं तरच कॉम्प्रेशन. इथंच तुझ्या गॅरेजवाल्याला एक प्रश्न विचार. त्यानं गेज लावून ‘कॉम्प्रेशन कमी आहे’ म्हटलं, तर विचार की या इंजिनात ऑटो डिकॉम्प्रेशन आहे, ते धरून सांगतोस का? सेल्फला सोपं जावं म्हणून कॅमवरची एक योजना सुरुवातीला एक्झॉस्ट व्हॉल्व्ह किंचित उचलून धरते. त्यामुळे गेजवरचा आकडा कमी येणारच. तेवढ्यावर कुणी पिस्टन-रिंगा बदलायला निघाला तर त्याला थांबव. खरी परीक्षा लीक-डाउनची. पिस्टन वरच्या टोकाला आणून प्लगच्या भोकातून हवा सोडायची आणि ती कुठून निसटते ते ऐकायचं. सायलेन्सरमधून सूं सूं आलं तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, कार्बोरेटरमधून आलं तर इनटेक, ऑईलच्या झाकणातून आलं तर रिंगा. कुठं बिघडलंय ते इंजिन न खोलताच कळतं. ही परीक्षा करणारा मेकॅनिक मिळाला तर त्याला सोडू नकोस.

आणि त्याआधी टॅपेट. टकटक करणाऱ्या टॅपेटला सगळे घाबरतात, मला गप्प झालेल्या टॅपेटची भीती वाटते. व्हॉल्व्ह सीटमध्ये बसत गेला की रॉकर आणि व्हॉल्व्हमधली फट संपते, आवाज बंद होतो, व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही, आणि गाडी चालू व्हायला नखरे करते. तुझ्या मॉडेलला इनटेकची फट 0.10 आणि एक्झॉस्टची 0.12 मिलिमीटर, इंजिन पूर्ण थंड असताना. फ्लायव्हीलवरची टी खूण खाचेसमोर आणायची. इंजिन चालताना ज्या दिशेनं फिरतं त्याच दिशेनं फिरव. खूण ओलांडून पुढे गेलीस तर उलटं फिरवून मागे आणू नकोस, त्यानं डिकॉम्प्रेशनची भानगड मध्ये येते आणि फट खोटी दिसते. सरळ पुन्हा पूर्ण फेरा घे. रॉकर अजिबात हलत नसतील तर तू एक्झॉस्टच्या फेऱ्यावर आहेस, आणखी एक फेरा. फिलर गेजची पट्टी सरकताना बोटाला हलका अडसर जाणवला पाहिजे, बस्स.

समजा हे सगळं करूनही चालवताना सारखा निळा धूर येतोय, ऑईल खातेय, लीक-डाउनला रिंगांतून हवा जातेय. मग मात्र चालढकल करू नकोस, खोलू दे. पण ‘नुसत्या रिंगा टाकतो’ याला हो म्हणू नकोस. सिलिंडर मोजून घ्यायला सांग. वाळूनं बोअर घासला असेल तर नव्या रिंगा त्यात किती दिवस टिकणार? आणि वाळू आत आली कुठून, ते सापडल्याशिवाय इंजिन बंद करू देऊ नकोस. फोमच्या फिल्टरला तेल लावलेलं नसेल, त्याची कड नीट बसत नसेल, तर नवा पिस्टनही त्याच वाटेनं जाईल. फिल्टर काढून त्याच्या मागच्या नळीत बोट फिरव. बोटाला खरखरीत वाळू लागली, तर गॅरेजवाल्याचा अंदाज बरोबर असेल, हेही मान्य करायची तयारी ठेव. लागली नाही, तर माझं ऐक.

चेतक स्कूटर असती तर अण्णांसारखी तिरकी करून चालू करता आली असती, या चार चाकांच्या बाईचं तसं नाही! शनिवारी सकाळी ऊन चढायच्या आत येते. तोवर गाडी चालू करू नकोस, म्हणजे इंजिन थंड मिळेल आणि आल्या आल्या टॅपेट बघता येतील. फिलर गेज आणि जपानी स्क्रूड्रायव्हर माझ्याकडे आहेत. तू एक रिकामी लोणच्याची बरणी, नवा प्लग आणि कार्बोरेटर क्लीनरचा डबा आणून ठेव, आणि गॅरेजवाल्याला फोन करून सांग की सोमवारपर्यंत काही खोलायचं नाही.