आठ मिलिसेकंदांच्या पाहुण्याचं वजन

लॅबमध्ये वजन करायचं म्हणजे काटा शून्यावर आणायचा, वस्तू ठेवायची आणि रीडिंग घ्यायचं. चुकलं तर पुन्हा. पण काट्यावर ठेवायच्या आतच वस्तू गायब होत असेल तर?

लिथियम-11 हे असंच एक अणुकेंद्रक. 3 प्रोटॉन, 8 न्यूट्रॉन आणि अर्धायुष्य फक्त 8.8 मिलिसेकंद. (हाफ लाइफला ‘अर्धायुष्य’ म्हणतात हे मला, कॉन्व्हेंटवालीला, हा लेख लिहिताना कळलं!) त्याचा गाभा म्हणजे लिथियम-9, आणि उरलेले दोन न्यूट्रॉन गाभ्यापासून बरेच लांब फिरत असतात. प्रश्न असा, की ते किती घट्ट बांधलेले आहेत?

उत्तर बेरजेत आहे. लिथियम-9 चं वस्तुमान 9.0268 एकक, दोन न्यूट्रॉनचं 2.0173. बेरीज 11.0441. पण लिथियम-11 भरतं 11.0437. हरवलेलं 0.0004 एकक म्हणजेच बंधन-ऊर्जा. आइनस्टाइनचं सूत्र इथे कामाला येतं. फरक इतका बारीक, की वस्तुमान मोजताना सातव्या-आठव्या अंकापर्यंत चूक चालत नाही.

मग मोजायचं कसं? कॅनडात व्हँकुव्हरच्या ट्रायम्फ प्रयोगशाळेत ‘टायटन’ नावाचं उपकरण आहे. त्यात काटा नाही, पेनिंग ट्रॅप आहे. 3.7 टेस्लाच्या चुंबकीय क्षेत्रात आयन गोल फिरतो. जड आयन हळू फिरतो, हलका भरभर. f = qB/2πm हे आपलंच सूत्र! लिथियम-11 चा आयन सेकंदाला सुमारे 51 लाख फेऱ्या मारतो, म्हणजे एका अर्धायुष्यात साधारण 45 हजार.

या फेऱ्या कोणी मोजत बसत नाही. आयनला रेडिओ लहरींचा झोका देतात. लहरींची वारंवारता फेऱ्यांशी बरोब्बर जुळली, की आयनची ऊर्जा वाढते आणि ट्रॅपमधून सोडल्यावर तो डिटेक्टरवर सगळ्यात लवकर पोहोचतो. मग वस्तुमान आधीच माहीत असलेल्या आयनशी तुलना करायची, म्हणजे B ची कटकट मिटते.

2008 साली उत्तर जाहीर झालं. दोन न्यूट्रॉन मिळून बंधन-ऊर्जा सुमारे 369 किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट, अनिश्चितता 1 पेक्षाही कमी. नेहमीच्या केंद्रकात एकेक कण साधारण 8,000 ने बांधलेला असतो. म्हणजे हे दोघे अगदी काठावर टिकून आहेत!

खरं सांगू? फर्स्ट इयरला आम्ही आधी उत्तर बघून मग रीडिंग ‘बसवली’ आहेत. टायटनच्या आधीच्या मोजमापांचे आकडे मात्र आपसात जुळत नव्हते. बसवायचं तर कोणत्या आकड्यावर? तिथे मोजण्याशिवाय उपायच नव्हता. आपल्याकडे तर वस्तू तासभर काट्यावर बसून राहते. निदान एकदा तरी खरं रीडिंग घेऊ या!