मागे सोडलेले काम

बेंगळूरच्या दक्षिणेस, होसूरच्या रस्त्यावर, इलेक्ट्रॉनिक सिटी ही वसाहत आहे. आर. के. बाळिगा यांच्या कल्पनेतून केऑनिक्स या कर्नाटक शासनाच्या महामंडळाने १९७८ साली ३३२ एकर जागेवर ती वसविली. तेथील अनेक संगणक लिनक्स प्रणालीवर चालतात. ते सांभाळणाऱ्यांना पडणारा एक प्रश्न येथे पाहू.

संगणकाला एखादे उपकरण जोडले की त्याची वर्दी यूडेव्ह या प्रोग्रॅमला मिळते. तो नियम पाहून नेमून दिलेली स्क्रिप्ट, म्हणजे आज्ञांची यादी, चालवितो. समजा, डिस्क जोडताच दिवसाचे हिशेब तिच्यावर उतरवावयाचे आहेत. त्यास अर्धा तास लागतो; तेवढा वेळ यूडेव्हला खोळंबून ठेवणे योग्य नव्हे. म्हणून पूर्वी आज्ञेच्या शेवटी एक चिन्ह जोडून ते काम पार्श्वभूमीवर सोडून देत. स्क्रिप्ट तत्काळ संपे. काम मागे चालू राही.

२०१२ साली यूडेव्ह सिस्टिमडी या व्यवस्थापक प्रणालीत समाविष्ट झाला, आणि पुढे हा रिवाज निरुपयोगी ठरला. सिस्टिमडी प्रत्येक सेवेच्या प्रक्रियांचा एक गट बांधते. उपकरणाची वर्दी हाताळून झाली की तिच्यापायी सुरू झालेल्या व मागे उरलेल्या सर्व प्रक्रिया संपविल्या जातात. ‘नोहप’ किंवा ‘सेटसिड’ वापरूनही त्या वाचत नाहीत, कारण गटाबाहेर त्या पडतच नाहीत. यातील खरा धोका असा की स्क्रिप्ट यशस्वी झाल्याचेच दिसते. डिस्कवर अर्धेच हिशेब आहेत, हे कळते ते मूळ प्रत गमावल्यावर!

उपाय अवघड नाही. नक्कल करण्याच्या कामाची सिस्टिमडीखाली स्वतंत्र सेवा लिहावी. यूडेव्हच्या नियमातून स्क्रिप्ट चालविण्याची ओळ काढावी; तेथे उपकरणाला ‘सिस्टिमडी’ ही खूण लावावी आणि ‘सिस्टिमडी वॉन्ट्स’ या चलात सेवेचे नाव द्यावे. दोन्ही प्रोग्रॅमांना नवे नियम वाचावयास लावून डिस्क पुन्हा जोडावी. आता यूडेव्ह केवळ निरोप देतो. काम सेवा करते, आणि ते फसल्यास त्याची नोंदही राहते.

तथापि एवढ्यावर समाधान मानू नये. उतरविलेली प्रत मूळ प्रतीशी ताडून पाहावी. दारावरच्या पहारेकऱ्याने पाहुण्याची वर्दी द्यावी, स्वयंपाकाला बसू नये; आणि स्वयंपाक झाला की नाही, हे पहारेकऱ्याला विचारूही नये.