शब्दाच्या पोटातील अक्षरे

इंग्रजी शब्दकोश रचलेला असतो तो शब्दाचे पहिले अक्षर ठाऊक असणाऱ्यासाठी. पहिल्या अक्षरावरून दुसरे, दुसऱ्यावरून तिसरे, असे करीत आपण इष्ट पानापर्यंत पोहोचतो. परंतु ज्यात एक्स, वाय आणि झेड ही तिन्ही अक्षरे आहेत असा लांब शब्द कोणता, असे कोणी विचारले की तोच जाडजूड कोश मुका होतो. शब्द त्यात असतो. त्याच्याकडे जाणारी वाट तेवढी नसते. शब्दकोडी सोडविणारे, गुप्तलिपी उलगडणारे, फाटक्या हस्तलिखितातील अर्धवट शब्द पुरा करू पाहणारे अभ्यासक, या सर्वांपुढे ही अडचण उभी राहते.

खुद्द कोशकारांनाही ती जाणवली. अमेरिकेत स्प्रिंगफील्ड येथील मेरियम-वेब्स्टर या कोशसंस्थेत विसाव्या शतकात अनेक वर्षे खपून तीन लाखांहून अधिक कार्डे तयार करण्यात आली. प्रत्येक कार्डावर एकेक शब्द शेवटच्या अक्षरापासून पहिल्याकडे, म्हणजे उलटा, टंकलिखित केलेला होता. अशी कार्डे वर्णानुक्रमाने लावली की सारख्या शेवटाचे शब्द शेजारी येतात. ब्राँकायटिस, हेपॅटायटिस आणि टॉन्सिलायटिस हे दाह दर्शविणारे शब्द नेहमीच्या कोशात बी, एच आणि टी या तीन दूरच्या विभागांत विखुरलेले असतात; उलट्या मांडणीत ते एका कुटुंबासारखे एकत्र भेटतात, आणि त्यांच्या व्याख्यांत मेळ राखणे सोपे जाते. पुढे १९७१ मध्ये मार्टिन लेनर्ट या जर्मन विद्वानाने इंग्रजीचा असा उलट्या क्रमाचा कोशच लाइपझिग येथून प्रसिद्ध केला.

शब्दाच्या मध्यावर दडलेल्या अक्षरांसाठी मात्र हा क्रमही अपुरा पडतो. तेथे शोधणाऱ्याने शब्दाचे सांधे ओळखले पाहिजेत. लांब इंग्रजी शब्द सहसा एकसंध नसतो. उपसर्ग, मूळ आणि प्रत्यय यांचे ते जोडकाम असते. आरंभ नेहमी दुर्मीळ अक्षरापासून करावा. ई हे इंग्रजीतील सर्वाधिक वापराचे अक्षर. मोर्स लिपीत त्याला केवळ एक टिंब दिले आहे ते याच कारणाने. ई असलेला शब्द शोधणे म्हणजे जत्रेत माणूस शोधणे होय. याउलट क्यू, जे, एक्स आणि झेड ही मोजक्याच जागी वस्ती करणारी अक्षरे आहेत.

आता वरील कोडेच घेऊ. झेड हे अक्षर अनेकदा क्रियापद घडविणाऱ्या ‘आइझ’ या प्रत्ययात आढळते, म्हणजे शब्दाची शेपटी मिळाली. एक्स आणि वाय लगत येतात ते ‘ऑक्सि’ या ग्रीक अंशात, जो ऑक्सिजनमध्ये आहे. दोन्ही जोडले की ‘ऑक्सिजनाइझ’ हा नऊ अक्षरांचा शब्द हाती येतो. पुढे ‘काढून टाकणे’ या अर्थाचा ‘डी’ हा उपसर्ग लावला की ‘डीऑक्सिजनाइझ’, अकरा अक्षरे. भूतकाळी रूपात बारा. तथापि ब्रिटनमधील बरीच वृत्तपत्रे या प्रत्ययात झेडऐवजी एस लिहितात. तेव्हा कोणता कोश प्रमाण मानायचा, हे आधीच ठरविलेले बरे.

आपल्यासारख्या देवनागरीत वाढलेल्या वाचकाने आणखी एक सावधगिरी बाळगावी, ती म्हणजे कानावर विसंबू नये. फोटोग्राफी या शब्दात फ दोनदा ऐकू येतो, पण त्याच्या अकरा अक्षरांत एफ एकदाही नाही. दोन्ही ठिकाणी पी आणि एच आहेत.

एकही अक्षर पुन्हा न येणारे लांब शब्द हाही शोधकांचा आवडता विषय. ‘डर्मॅटोग्लिफिक्स’ हा पंधरा अक्षरांचा शब्द त्यांपैकी एक असून त्वचेवरील रेषांच्या अभ्यासाला ते नाव आहे. योगायोग असा की या रेषांच्या बाबतीतही मुख्य प्रश्न शोधण्याचाच होता. हजारो ठशांतून एक ठसा हुडकायचा कसा? कलकत्ता येथे, जेथे १८९७ मध्ये अंगुलिमुद्रा कार्यालय सुरू झाले, अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस यांनी एडवर्ड हेन्री यांच्या हाताखाली ठशांच्याच आकृतींवरून १०२४ कप्प्यांची वर्गवारी बसविली. तिला नाव मात्र हेन्रींचे मिळाले.

वस्तूच्या अंगभूत खुणेवरून तिचा कप्पा ठरविण्याची ही युक्ती शब्दांनाही लागू पडते. ट्रायँगल, इंटिग्रल आणि ऑल्टरिंग यांची अक्षरे वर्णक्रमाने लावली तर तिन्हींतून ए, ई, जी, आय, एल, एन, आर, टी हीच माळ निघते. या माळेखाली तिन्ही शब्द नोंदवून ठेवले की शोध संपला.

१९७३ मध्ये बेल प्रयोगशाळेतील केन टॉम्प्सन यांनी युनिक्स प्रणालीसाठी ‘ग्रेप’ हे साधन तयार केल्यावर हे कष्ट बरेचसे संगणकाकडे गेले. अक्षरांचा नमुना द्यावा, त्याने संपूर्ण यादी ओळीमागून ओळ तपासावी. यंत्र शब्द देते, त्याची योग्यता सांगत नाही. सिलिकाच्या धुळीने होणाऱ्या फुप्फुसरोगाचे पंचेचाळीस अक्षरी नाव अशा शोधात हमखास वर येते; परंतु ते १९३५ च्या सुमारास कोडेप्रेमींच्या एका अमेरिकन संघाच्या अध्यक्षांनी केवळ लांबीसाठी घडविले होते. पुढे ते कोशांतही शिरले. असा शब्द सापडल्याचे समाधान, माझ्या मते, थोडेच.

अक्षर टाळण्याचा खेळ त्याहून कठीण. ‘तुच्छ लेखणे’ या अर्थाच्या ‘फ्लॉक्सिनॉसिनिहिलिपिलिफिकेशन’ या एकोणतीस अक्षरी शब्दात आय नऊ वेळा येतो, ई एकदाही नाही. अर्नेस्ट व्हिन्सेंट राइट या अमेरिकन लेखकाने तर १९३९ मध्ये प्रसिद्ध झालेली पन्नास हजारांहून अधिक शब्दांची ‘गॅड्सबी’ ही कादंबरी ई न वापरता लिहिली. नेहमीची भूतकाळी रूपे त्यांना वर्ज्य होती. ‘तो’ आणि ‘ती’ ही सर्वनामेही. आणि सातपासून एकोणतीसपर्यंतची एकही संख्या त्यांना शब्दांत लिहिता येत नव्हती.