पाळी बघून कॅमेरा काढ

चि. रेवतीस,

तुझे फोटो पाहिले. कॅनॉलच्या पाण्यात बुडणारा सूर्य, कडेला ऊस, सगळं देखणं आहे. पण हे पाणी नातेपुत्याचं आहे, हे त्यातून कळत नाही. असा फोटो कुठल्याही तळ्याकाठी निघाला असता.

आपल्याकडे पाणी पाळीनं येतं. भाटघर आणि वीर धरणांत साठायचं, मग नीरेच्या उजव्या कालव्यानं फलटण ओलांडून माळशिरस तालुक्यात यायचं. बारामतीकडचा डावा कालवा 1885चा. आपला उजवा 1938चा, म्हणजे अर्धशतक वाट पाहिल्यावर मिळालेला. तेव्हा आवर्तन कधी सुटणार ते आधी पाटकऱ्याला विचार. उन्हाची वेळ मग बघू.

पाळी आली की दारं धरणाऱ्या माणसाबरोबर पहाटे शेतात जा. तो खोऱ्यानं एक दार मोडतो, दुसरं बुजवतो. कोरड्या सरीत पाणी शिरतं तेव्हा त्याच्या तोंडाशी वाळका पाला आणि फेस असतो, जीव घेऊन पळणारे किडे असतात आणि ते टिपायला बगळे हजर असतात. सूर्य समोर ठेवून खाली बस, कॅमेरा गुडघ्याच्याही खाली धर. तिरप्या उन्हात सरीतलं पाणी चमकतं आणि उसाची पात उजेड आरपार सोडते. ऊन वर चढलं की सगळं पांढरंफटक. तेव्हा चहा प्यावा. रात्रीची पाळी असेल तर फ्लॅश मारू नकोस, त्या माणसाच्या बॅटरीचा उजेड पुरतो. आणि फोटो काढायच्या आधी त्याला विचार. तो कामात आहे, तू नाहीस.

एप्रिलमध्ये शिखर शिंगणापूरच्या बाजूला डोंगर चढ. वरून कॅनॉलची रेघ दिसते, तिच्या खाली हिरवं आणि वर करडा माळ. आपल्या तालुक्याचा सगळा हिशोब त्या एका चौकटीत मावतो. पावसाळ्यात हाच फोटो खोटं बोलतो, कारण चार सरी पडल्या की माळही हिरवा होतो.

आषाढात माउलींची पालखी धर्मपुरीला आपल्या जिल्ह्यात येते आणि नातेपुत्याला मुक्काम करते. वाटेत पादुकांना नीरेत स्नान झालेलं असतं, तीच नीरा कालव्यानं इथं येते. काठावर धोतरं-लुगडी वाळत पडलेली असतात. त्या दिवसांत आभाळ बहुधा काळं आणि पाऊस थोडा, त्यामुळे उजेड मऊ मिळतो. पण वारकऱ्यांच्या पांढऱ्या कपड्यांवर कॅमेरा फसतो. एक्स्पोजर पांढऱ्यावर धर, चेहरे थोडे काळवंडले तरी चालतील. संदेश भंडारे यांचं ‘वारी : एक आनंदयात्रा’ हे फोटोंचं पुस्तक मिळवून बघ. लांबून लेन्स रोखून तशी माणसं सापडत नाहीत.

रंग वाढवायचा नाद मात्र सोड. इथलं पाणी मातकट असतं, ते निळं करू नकोस.

आणि पाणी चालू असताना कॅनॉलच्या उतारावर उतरायचं नाही. सिमेंटवर शेवाळ असतं, पाय सरकला तर धरायला काही नसतं. जे काढायचं ते काठावरूनच.

तुझा,
मामा