'प्रेत' आणि 'भूत' : शब्दार्थविचार

आखाजी जवळ आली की जळगाव-धुळ्याकडील वासनिक मंडळी विचारतात, "बाबा, गेलेले माणूस घागरीचे पाणी प्यावयास परत येते काय?" प्रश्न उपदेशी घरांतूनही येतो, म्हणून प्रथम शब्दांचाच विचार करू.

'प्रेत' हा शब्द 'प्र' हा उपसर्ग व 'इ' म्हणजे जाणे हा धातू यांपासून झाला. अर्थ, पुढे निघून गेलेला. धर्मशास्त्रात मरणापासून सपिंडीकरणापर्यंत त्यास प्रेत म्हणतात, पुढे पितर. मराठीत मात्र तो शब्द मागे उरलेल्या देहास लागला. 'भूत' हे 'भू' म्हणजे होणे या धातूचे रूप. जे झाले ते. भूतकाळ, पंचमहाभूते, भूतदया हे शब्द त्यापासूनच. दोहोंतही 'परतणे' हा अर्थ नाही. एक म्हणतो 'गेला', दुसरा म्हणतो 'होऊन गेला'. परत येण्याची कल्पना शोकाने व भयाने त्यांवर चढविली.

गीतेत (१७.४) प्रेत-भूतगणांचे यजन तामस ठरविले आहे. नवव्या अध्यायात (९.२५) पितरांना भजणारा पितरांकडे, भूतांना भजणारा भूतांकडे आणि श्रीकृष्णचक्रवर्तींना भजणारा त्यांच्याकडे जातो, असे निरूपण आहे. येथे गतीची दिशा पाहावी. भूत आपल्याकडे येते असे नव्हे. भजणारा त्याच्याकडे जातो.

आपल्या शास्त्रात जीव बद्धमुक्त, देवता नित्यबद्ध, प्रपंच अनित्य आणि परमेश्वर नित्यमुक्त. जीव कर्मफळ भोगावयास जातो. मनास येईल तेव्हा उंबऱ्याशी उभे राहण्याचे स्वातंत्र्य त्यास नाही. आणि जे स्वतः बद्ध, ते दुसऱ्यास सोडविणार कसे? म्हणून त्यांचे भजन नको, भयही नको.

हा केवळ व्याकरणाचा विषय नव्हे. सातपुड्याच्या पायथ्याशी 'डाकीण' या एका शब्दापायी बायांनी मार खाल्ला, घरदार सोडले. भूत उतरविण्याच्या नावाखाली बांधणे-मारणे हा महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. आणि अहिंसा हा तर आपला मूळ आचार. जाळीच्या देवासारख्या स्थानी पीडित मनुष्य आले, तर त्यास दंडवत घालू द्यावे, नामस्मरण करवावे, आणि डॉक्टरांकडेही अवश्य न्यावे.

घागर भरणाऱ्या माउलीस रागे भरू नये. तिला एवढेच सांगावे : गेलेला गेला, हे शब्दच सांगतो. पाणी उन्हातल्या वाटसरूस पाजावे, आणि चित्त परमेश्वरचरणी ठेवावे.