बियांपासून बहुवर्षायु फुलझाडें

विद्यार्थिमित्रहो, झेंडूसारखीं जीं झाडें एकाच हंगामांत फुलून वाळतात त्यांस वर्षायु म्हणतात. ज्यांचें मूळ वा खोड अनेक वर्षें जिवंत राहतें तीं बहुवर्षायु होत. आपल्या रत्नागिरीच्या अंगणांत गोकर्णी, सदाफुली, गुलबक्षी व अबोली हीं चार बहुवर्षायु झाडें बियांपासून अल्प श्रमांत वाढवितां येतात. मात्र प्रत्येकाच्या बियाचा स्वभाव निराळा असतो.

गोकर्णीच्या बियाची साल कठीण असते. पाणी आंत शिरल्यावांचून अंकुर फुटत नाहीं. म्हणून तें खरखरीत दगडावर किंचित् घासून रात्रभर भिजत ठेवावें. हा वेल शेंगावर्गांतला आहे. त्याच्या मुळांच्या गांठींतील सूक्ष्म जंतु त्यास हवेंतील नत्र मिळवून देतात. सबब त्यास खत थोडें पुरतें.

सदाफुलीचें बारीक बीं अंधारांत चांगलें रुजतें. तें मातीच्या पातळ थरानें पुरतें झांकावें. गुलबक्षीचें मिऱ्यासारखें काळें बीं अर्धा इंच खोल पुरावें. तिच्या मुळाशीं कंद असतो; वरचा भाग वाळला तरी ती पुन्हा फुटते. अबोलीचीं सुकलेलीं बोंडें ओलावा लागतांच तडकून बीं दूर उडवितात. म्हणून तीं पावसापूर्वींच काढून पिशवींत ठेवावींत.

आपली जांभ्याची माती पाण्याचा निचरा लवकर करिते. परंतु आषाढसरींनीं बीं वाहून जातें व सांचल्या पाण्यांत सदाफुलीचीं मुळें कुजतात. यासाठीं ज्येष्ठांत पडवींतील कुंडींत पेरणी करावी, आणि श्रावणांत पाऊस ओसरूं लागला म्हणजे रोपें उंच वाफ्यांत लावावींत.

येथें पालकांसही एक विनंती आहे. सदाफुली मूळची मादागास्कर बेटांतली. तिच्या पानांतून १९५८ सालीं कॅनडांत नोबल व बिअर या संशोधकांनीं विन्ब्लास्टिन हें द्रव्य वेगळें केलें. तें आजही कर्करोगावर देतात. परंतु तींच पानें विषारी आहेत. मधुमेहावर उपाय म्हणून तीं कोणी चघळत असेल तर त्यास आवरावें. औषध व विष यांत अंतर मात्रेचें असतें, आणि तीं मात्रा पानाकडे पाहून कळत नाहीं. गुलबक्षीचें बीं व कंदही लहान मुलांच्या तोंडीं जाऊं देऊं नये.

आतां तुमचें काम. प्रत्येक जातीच्या दहा दहा बिया मोजून पेरा. किती उगवल्या व कितव्या दिवशीं, हें वहींत टिपून ठेवा. गोकर्णीच्या पांच बिया घासून व पांच न घासतां पेरा. पुढचा धडा त्या कुंडींतच वाचावयास मिळेल.